चोपणातला सोडियम, काहिलीतला चुना

शिरोळ तालुक्यात उन्हाळ्यात फिरताना काही रानांत जमिनीवर पांढरा पापुद्रा दिसतो. लांबून पाहिले तर कुणाच्या हातून पीठ सांडले आहे असे वाटावे. त्याच्याच पलीकडच्या बांधावर उभे राहिले तर पांढरे काही दिसत नाही. पण तिथली माती वाळून दगड झालेली असते, नांगर घातला तर डोक्याएवढी ढेकळे निघतात आणि पाऊस झाला की पाणी खाली मुरायचे नाव घेत नाही. पहिल्या रानाला शेतकरी खारवट म्हणतात, दुसऱ्याला चोपण. दोन्ही रानांत कधी काळी उत्तम ऊस उभा होता. तो का गेला, याचे उत्तर नववी-दहावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे, आवर्तसारणीच्या अगदी डाव्या कडेला. तिथे दोन उभे गण शेजारी शेजारी आहेत. पहिल्यात सोडियम आणि पोटॅशियम, दुसऱ्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम. शाळेत आपण ही नावे वरून खाली पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. कोल्हापूर जिल्ह्यात राहणाऱ्याने तरी ती विसरू नयेत असे मला मनापासून वाटते, कारण इथली शेती, इथला गूळ आणि इथली चप्पल या सगळ्यांत हे दोन गण हजर आहेत.

पहिल्या गणातल्या धातूंना अल्क धातू म्हणतात. मूळ अरबी शब्द वनस्पतीच्या राखेवरून आला आहे. आपली आजी ज्या राखेने भांडी घासत होती, तिच्यातला विरघळणारा क्षार म्हणजे मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. राख पाण्यात कालवली की ते विरघळते आणि बोटांना बुळबुळीत लागते. दुसऱ्या गणाला अल्कधर्मी मृदा धातू असे लांबलचक नाव आहे. त्यातल्या ‘मृदा’ला कारण आहे. जुने रसायनज्ञ जो पदार्थ पाण्यात फारसा विरघळत नाही आणि आगीत घातला तरी बदलत नाही, त्याला ‘माती’ म्हणत. चुना त्यांच्या लेखी माती होता. 1807 साली लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही याने वितळलेल्या पोटॅशमधून विजेचा प्रवाह सोडला, तेव्हा चकचकीत थेंब बाहेर पडले आणि त्यांतले काही हवेत येताच पेटले. तो पोटॅशियम. थोड्याच दिवसांत त्याने सोडियम वेगळा केला आणि पुढच्या वर्षी चुन्यातून कॅल्शियम. पांढऱ्या, मऊ, पानाला लावायच्या चुन्यात धातू दडलेला आहे हे तोवर कुणी डोळ्यांनी पाहिले नव्हते.

पहिल्या गणातल्या अणूच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो अणू त्याला पहिल्या संधीला सोडून देतो. म्हणून सोडियमचा तुकडा केरोसिनमध्ये ठेवावा लागतो. पाण्यात टाकला तर सुरसुरत धावतो आणि पेट घेतो. दुसऱ्या गणातले अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतात. एक सोडला की अणूवर एक धनभार येतो, दोन सोडले की दोन. बाकी गोष्टी जवळपास सारख्याच. सोडियमच्या आयनाची त्रिज्या साधारण 102 पिकोमीटर, कॅल्शियमच्या आयनाची 100. म्हणजे अंगापिंडाने दोघे जुळे भाऊ. फरक फक्त भाराचा, एकाचा एक आणि दुसऱ्याचा दोन. एवढ्या फरकामुळे सोडियमचे जवळजवळ सगळे क्षार पाण्यात सहज विरघळतात आणि कॅल्शियमचे कार्बोनेट, फॉस्फेट, सल्फेट खाली बसू पाहतात. पुढे जे काही सांगायचे आहे ते सगळे या एका वाक्यातून निघते.

आता जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला गगनबावडा, पूर्वेला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची नृसिंहवाडी. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, शिरोळकडे पाचशे-सहाशे. खालचा दगड मात्र एकच, सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. या दगडातल्या खनिजांत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम भरपूर, पोटॅशियम थोडा. दगड कुजतो तसे हे आयन सुटतात आणि पाण्याच्या वाटेला लागतात. पश्चिमेकडच्या पावसाने ते इतके धुऊन नेले की मागे लोखंड आणि ॲल्युमिनियम एवढेच उरले. तोच तिथला लाल जांभा आणि तेच तिथले बॉक्साइट. राधानगरी-शाहूवाडीच्या सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी आहेत, त्या एका अर्थाने पहिल्या दोन गणांच्या निघून जाण्याच्या खुणा आहेत. सड्यावरची माती आम्ल का असते, तिला चुना घालायला का सांगतात, हेही त्यातच आले.

पूर्वेला पाऊस कमी, त्यामुळे धुलाई अर्धवट. तिथे काळी माती तयार झाली आणि आयन तिच्यातच राहिले. कॅल्शियमने हवेतल्या आणि मुळांच्या कार्बन डायऑक्साइडशी जमवून घेतले आणि तो चुनखडी होऊन बसला. काळ्या रानात खणताना पांढरे खडे लागतात ते हेच. सोडियम असा कुठे बसत नाही. तो पाण्याबरोबर खाली जातो, पाण्याबरोबर वर येतो, आणि वाट मिळाली तर कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जातो.

जिरायती काळात हा हिशेब जमलेला होता. जमिनीतले पाणी खोल होते आणि सोडियमही तिथेच होता. मग राजर्षी शाहू महाराजांनी पायाभरणी केलेले राधानगरी धरण झाले, नद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले, उपसा योजना झाल्या, साखर कारखाने झाले. या पाण्याने जिल्ह्याचे भले केले आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण बारमाही उसाला पाटाने पाणी देताना गरजेपेक्षा जास्त पाणी गेले. सखल आणि निचरा नसलेल्या रानांत जमिनीखालची पातळी वर येत गेली. पाणी मुळांच्या टप्प्यात आले की माती दिव्याच्या वातीसारखी ते ओढून घेते, ऊन ते उडवते आणि क्षार पृष्ठभागावर राहतात.

त्या उडणाऱ्या पाण्यात आणखी एक गोष्ट घडते. पाणी आटत आटत दाट होते तसा आधी कॅल्शियम चुनखडी होऊन बाहेर पडतो. मॅग्नेशियमचाही काही भाग तसाच जातो. उरलेल्या पाण्यात मग सोडियमचेच राज्य. म्हणजे मचूळ पाण्याची प्रत्येक पाळी जमिनीतला कॅल्शियम थोडा गोठवते आणि सोडियम थोडा मोकळा करते. चोपण जमीन एका हंगामात होत नाही. ती अशी पाळीपाळीने होते.

पण सोडियम वाढला तर मातीचे बिघडते काय? मिठाने पीक जळते हे खारवट जमिनीपुरते खरे आहे. चोपणात खरा घात मातीच्या घडणीचा होतो. काळ्या मातीतले चिकणकण म्हणजे अत्यंत पातळ पापुद्रे, आणि प्रत्येक पापुद्र्यावर ऋणभार असतो. सारख्या भाराचे पापुद्रे एकमेकांना ढकलणार हे उघड आहे. त्यांना एकत्र धरायला मध्ये धनभार लागतो. ऊसतोडीला गेलेल्या माणसाला हे लगेच समजेल: वाढ्याचा बंध आवळला की मोळी उभी राहते, बंध सैल पडला की ऊस चहूकडे विस्कटतात. दोन भारांचा कॅल्शियम हा आवळलेला बंध आहे. त्याच्यामुळे पापुद्र्यांच्या मोळ्या होतात, मोळ्यांमध्ये फटी राहतात, त्या फटींतून पाणी आणि हवा फिरते आणि उसाची मुळी खाली जाते. एका भाराचा सोडियम हा सैल बंध. शिवाय तो आपल्याभोवती पाण्याचे कडे घेऊन असतो, त्यामुळे पापुद्रे जवळ येऊच शकत नाहीत. ते सुटे होतात, पाण्याबरोबर वाहत जाऊन प्रत्येक फट बुजवतात, आणि वाळले की सिमेंट केल्यासारखे घट्ट होतात.

याचा प्रयोग घरी करता येतो. दोन काचेच्या ग्लासांत पावसाचे किंवा बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी घ्या, प्रत्येकात चमचाभर चोपण माती घालून ढवळा आणि एकात चिमूटभर जिप्समची पूड टाका. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. थोड्या वेळाने जिप्समच्या ग्लासातली माती खाली बसून वर निवळ दिसू लागते. दुसरा ग्लास दुसऱ्या दिवशीही गढूळच असतो. बोअरचे पाणी मात्र या प्रयोगाला चालत नाही, कारण त्यात आधीच कॅल्शियम विरघळलेला असतो.

पोटॅशियम सोडियमच्याच गणातला, त्याच्यावरही एकच भार. मग तो मातीचा असा नाश का करत नाही? त्याचा आयन मोठा असतो, भोवतीचे पाणी तो सहज सोडतो आणि काही चिकणमातींच्या पापुद्र्यांत असलेल्या पोकळीत नेमका बसतो. एकाच गणातली भावंडे, पण स्वभाव वेगळे. उसाला तर हा लागतोच. आडसाली उसासाठी हेक्टरी 400 किलो नत्र आणि 170 किलो पालाश अशी आपल्याकडची शिफारस आहे, आणि हा पालाश म्हणजे पोटॅशियम. पानात तयार झालेली साखर कांड्यापर्यंत पोचवण्यात त्याचा हात असतो. कारखान्यात गेल्यावर मात्र साखर आणि पोटॅशियम यांची फारकत होते. पांढऱ्या साखरेत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे हवा आणि पाणीच. रानातला पोटॅशियम मळीत आणि पुढे आसवनीच्या सांडपाण्यात जातो. ते सांडपाणी जाळून उरलेल्या राखेपासून आता पालाशचे खत करतात. आपला देश पालाश जवळजवळ सगळा बाहेरून आणतो, हे लक्षात घेतले तर प्रत्येक आसवनीने ही राख शेतात परत पोचवलीच पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

गुळात तसे होत नाही. गुळात पोटॅशियम टिकून राहतो, कारण काहिलीतला रस आटतो, त्याचे स्फटिक वेगळे काढले जात नाहीत. 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी गुळाची सगळी कला त्या आटण्याच्या तासा-दोन तासांत असते. ताजा रस किंचित आंबट असतो. आम्लात उकळली की साखर फुटते, तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि तसा गूळ रव्यात धरत नाही, मऊ पडतो, हवेतले पाणी ओढून घेतो. म्हणून गुळव्या रसात चुन्याची निवळी घालतो. चुना आम्ल मारतो हे एक काम. दुसरे काम तितकेच मोठे: कॅल्शियम रसातल्या फॉस्फेटला धरतो, त्याचा न विरघळणारा साका होतो, त्या साक्याबरोबर बारीक घाण आणि रंगद्रव्ये ओढली जातात, आणि भेंडीच्या चिकाने हे सगळे बांधले जाऊन मळी वर येते. झाऱ्याने ती काढली की खालचा रस स्वच्छ. इथे सोडियम चालला नसता. पापडखाराने किंवा सोड्याने आम्लता जाईल, पण साका पडणार नाही, कारण सोडियमचे फॉस्फेट विरघळून रसातच राहते. शेतात ज्या गुणामुळे कॅल्शियम मातीची मोळी बांधतो, त्याच गुणामुळे तो काहिलीत घाणीची मोळी बांधतो.

चुन्याचेही माप आहे. जास्त झाला की गूळ काळपट होतो आणि चवीला उतरतो. निवळी किती घालायची हे जुना गुळव्या रसाचा रंग आणि मळीचा फुटवा पाहून ठरवतो. तो काही सामू (पीएच) मोजत नाही, पण त्याचा अंदाज चुकत नाही. रंग उजळ दिसावा म्हणून काही ठिकाणी हायड्रोस घालतात. ते सोडियमचेच गंधकयुक्त संयुग आहे. त्याने गूळ पिवळाधमक होतो खरा, पण गंधक मागे राहतो आणि साठवणीत रंगही टिकत नाही. ग्राहकाने पिवळ्या रंगाचा हट्ट सोडला तर हायड्रोस आपोआप बंद पडेल. खारवट रानातल्या उसाचा गूळ मात्र कशानेच सुधारत नाही. सोडियमचे क्षार उसात चढलेले असतात, ते काहिलीत आटून दाट होतात; गूळ खारट लागतो आणि त्याला लवकर पाणी सुटते. जमिनीचे दुखणे गुळाच्या रव्यात जसेच्या तसे उतरते.

चामड्याच्या धंद्यातही हे दोघे पाठोपाठ येतात. कातडे सोलल्यावर कुजू नये म्हणून आधी त्याला मीठ लावतात, मग केस सुटावेत म्हणून चुन्याच्या कुंडात ठेवतात. पुढे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावून कोल्हापुरी चपलेचे चामडे तयार होते. केस काढायला अल्कच हवा, तर कॉस्टिक सोडा का नको? कारण तो पाण्यात हवा तेवढा विरघळतो आणि केसांबरोबर कातडेही खाऊन टाकतो. विझवलेला चुना लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमसुद्धा विरघळत नाही. कुंडात कितीही घातला तरी पाण्याचा सामू साडेबाराच्या आसपास थांबतो. बाकीचा चुना तळाशी पडून राहतो आणि वरचा खर्च होईल तसा थोडा थोडा विरघळतो. कातडे दिवसचे दिवस कुंडात राहिले तरी बिघडत नाही ते यामुळे. ज्यांनी ही रीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्या कारागिरांच्या हाती शाळेचे पुस्तक नव्हते, पण विरघळण्याची ही मर्यादा त्यांना अनुभवाने पक्की ठाऊक होती.

पुन्हा रानाकडे येऊ. चोपण जमिनीवरचा उपाय वरच्या दोन ग्लासांत दिसलाच आहे: सोडियमला उठवून त्याच्या जागी कॅल्शियम बसवायचा. जिप्सम घातले की त्यातला कॅल्शियम पापुद्र्यांवर जागा घेतो, सोडियम सल्फेटच्या सोबतीने पाण्यात उतरतो. आपल्या काळ्या जमिनीत कॅल्शियम चुनखडीच्या रूपात आधीच असतो, फक्त विरघळत नाही. तिथे गंधक टाकले तर मातीतले जिवाणू त्याचे आम्ल करतात, ते चुनखडी विरघळवते आणि घरचाच कॅल्शियम कामाला लागतो. शेणखत, धैंचा, ताग यांचाही असाच उपयोग होतो. ते कुजताना जो कार्बन डायऑक्साइड सुटतो तोही थोडी चुनखडी मोकळी करतो.

मात्र सुटलेला सोडियम रानाबाहेर गेला पाहिजे. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात तो पाण्याबरोबर परत वर येतो आणि जिप्समचा खर्च फुकट जातो. म्हणून निचरा आधी, जिप्सम नंतर. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने आणि गणपतराव पाटील यांनी या भागात भूमिगत निचऱ्याचे काम गावोगावच्या शेतकऱ्यांना एकत्र करून उभे केले. जमिनीत ठरावीक खोलीवर छिद्रांचे, गाळणी गुंडाळलेले पाईप उताराने टाकायचे आणि जास्तीचे खारे पाणी मुख्य वाहिनीतून ओढ्याकडे सोडायचे. एकट्या शेतकऱ्याला हे जमत नाही, कारण पाण्याला बाहेर काढायची वाट शेजाऱ्याच्या रानातूनच जाते. पडीक पडलेल्या रानांत त्यामुळे पुन्हा ऊस उभा राहिला, आणि जिल्ह्यातल्या अलीकडच्या कामांत याला मी फार वरचे स्थान देतो. या पाण्यातला सोडियम शेवटी कृष्णेत जातो हेही विसरून चालणार नाही. खालच्या गावांना तेच पाणी लागते, म्हणून मुळात पाणी कमी देणे, ठिबक वापरणे याला पर्याय नाही.

रानात सोडियम किती आहे हे कळते कसे? माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत ज्योत-प्रकाशमापक नावाचे यंत्र असते. मातीचा अर्क ज्योतीत फवारला की सोडियम पिवळा उजेड देतो, पोटॅशियम जांभळट. उजेड जितका प्रखर तितके प्रमाण जास्त. रस्सा उतू जाऊन गॅसवर सांडला की निळी ज्योत एकदम पिवळी होते, ती याच सोडियमची ओळख. हा पिवळा रंग इतका ठसठशीत आहे की त्याने एकदा थोर निरीक्षकांनाही चकवले. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसला होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांत त्याला आणि इतर ठिकाणच्या निरीक्षकांना एक पिवळी रेषा दिसली, आणि ती आधी सोडियमची वाटली. नंतर बारकाईने मोजल्यावर ती थोडी बाजूला आहे हे कळले. ती हेलियमची होती. जमखंडी आज कर्नाटकात आहे, पण आपल्यापासून लांब नाही.

शिरोळ, हातकणंगले आणि कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांना एक विनंती करतो. माती परीक्षणाचा कागद हाती आला की फक्त नत्र, स्फुरद, पालाश पाहून तो घडी घालू नका. सामू, क्षारता, विनिमययोग्य (म्हणजे पापुद्र्यांवर बसलेला) सोडियम आणि चुनखडी हे चार आकडे मागून घ्या. सामू साडेआठच्या आत, क्षारता चारच्या वर आणि विनिमययोग्य सोडियम शेकडा पंधराच्या आत असेल तर जमीन नुसती खारवट आहे. तिला जिप्सम लागत नाही, निचरा आणि चांगल्या पाण्याची धुलाई लागते. सामू साडेआठच्या वर आणि विनिमययोग्य सोडियम शेकडा पंधराच्या वर असेल तर ती चोपण. आपल्या चिकट काळ्या मातीत तर पंधराच्या पुष्कळ आधीच त्रास सुरू होतो. आणि जमीन खारवट-चोपण अशी दोन्ही असेल, तर जिप्सम घातल्याशिवाय ती धुऊ नका. नुसत्या पाण्याने क्षार निघून जातील, सोडियम पापुद्र्यांवर राहील आणि आज जी जमीन निदान पाणी पिते, ती तेही प्यायची बंद होईल.